शेरडं रान साफ करतात, मग मजुरी कुणाची?

आज आमच्या बचत गटाला शेरडांबद्दल बोलायचंय. दुधाबद्दल आणि बोकडाच्या भावाबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज बोलू त्यांच्या कामाबद्दल.

बांधावर, पडीक रानात झुडपं माजली की आपण कोयता घेतो, नाहीतर तणनाशक आणतो. कोयत्यानं हात सोलतात. तणनाशकाला पैसा लागतो आणि वारं फिरलं की ते शेजारच्या पिकावर जातं. शेरडं हेच काम चरता चरता करतात. गाय, मेंढी मान खाली घालून गवत खाते. शेळीला मात्र पाला, वेली, कोवळे शेंडे आवडतात. मागच्या पायांवर उभी राहून ती उंचावरचा पाला ओढते आणि बोरीच्या काट्यांतून नेमकं पान उचलते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तर डोंगरावरचं वाळलेलं झुडूप पेटू नये म्हणून शेळ्यांचे कळप भाड्यानं आणतात.

पण एकदा चारून झुडूप मरत नाही. मुळात साठवलेल्या अन्नावर ते पुन्हा फुटतं. नवी पालवी आली की शेरडं परत आणायची. असं वारंवार केलं की मुळातला साठा संपत जातो आणि झुडूप खंगतं. जाड खोडं मात्र आपल्यालाच तोडावी लागतात. म्हणून रानाचे तुकडे पाडायचे, जाळी लावायची आणि एक तुकडा संपला की दुसरा धरायचा. मोकळं सोडलं तर शेरडं आवडीचं तेवढं खातात, बाकीचं तसंच राहतं.

आता नीट ऐका, सगळाच पाला शेळीला चालत नाही. घाणेरी, म्हणजे टणटणी, खाल्ली तर कावीळ होते आणि उन्हानं कातडी सोलते. बेशरमीनं शेळी थरथरते, झुकांड्या खाते. कण्हेर तर जीवच घेते. गाजर गवतही तिच्या तोंडी द्यायचं नाही. ही चार झाडं आधी हातानं काढायची, मगच शेरडं आत सोडायची. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटायचं आणि हातमोजे घालायचे, नाहीतर अंगाला खाज सुटते. वेड्या बाभळीची गोष्ट वेगळी. तिचा हिरवा पाला शेळी सहसा खात नाही, शेंगा मात्र आवडीनं खाते. काही बिया लेंडीतून तशाच बाहेर पडतात आणि नव्या जागी उगवतात. म्हणून शेंगा धरण्याआधीच बाभूळ तोडलेली बरी.

सकाळी दव वाळल्यावर आणि थोडं वाळलं वैरण देऊनच शेरडं बाहेर काढा. उपाशीपोटी एकदम कोवळं खाल्लं की पोट फुगतं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. तणनाशक मारलेल्या रानात शेरडं नेऊ नका. आणि लावलेलं रोप अन् माजलेलं झुडूप यातला फरक शेळीला कळत नाही, म्हणून आंब्याच्या, शेवग्याच्या रोपांना आधी कुंपण करा.

आता मुद्द्याचं. आमच्या गटातल्या निम्म्या जणींकडे गुंठाभरही जमीन नाही, शेरडं मात्र आहेत. रान साफ करून द्या म्हणून बोलावणं येतं. पैशाचा विषय काढला की ऐकायला मिळतं, “तुमच्या शेरडांना फुकट चारा मिळाला, वर पैसे कशाला?”

मैत्रिणींनो, धनगर दादा शेतात मेंढरं बसवतो तेव्हा शेतकरी त्याला धान्य देतो, पैसे देतो. लेंडीखताचं मोल सगळ्यांना कळतं. मग आपली शेरडं लेंडी टाकतात, वर झुडूपही काढतात, त्याचं मोल का नको? जाळी आपण ओढतो. विषारी झाड आपण उपटतो. दिवसभर उन्हात राखण आपण करतो. चारा शेळीच्या पोटात जातो, आपल्या नाही.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात. एक, बोली आधी करायची: किती रान, किती दिवस, आणि पैसे, धान्य की कडबा. दोन, नवी पालवी फुटल्यावरच्या दुसऱ्या फेरीचं बोलणंही तेव्हाच करून घ्यायचं. तीन, बोली एकटीनं करायची नाही, गटातल्या दोघींनी जायचं. दोघी समोर उभ्या असल्या की “बघू नंतर” म्हणणं अवघड जातं.

गायरानात चारायचं असेल तर ग्रामसभेत विषय मांडा, आणि वनखात्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. दंड झाला तर तो आपल्याच पदरी येतो.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढंच करा. कुणाकडे किती शेरडं आहेत आणि गावात कुणाचं रान माजलंय, ते एका कागदावर लिहून काढा. कुणाकडे जायचं ते त्यातूनच कळेल.