शेवटच्या कडव्यातला वामन

गाणं कसं ऐकावं याबद्दल बोला, असं मला सांगितलंय. पण राग, थाट, श्रुती यांच्या वाटेला मी जाणार नाही. एक तर ते समजावून सांगणारी जाणती माणसं आहेत, आणि दुसरं म्हणजे माझा जीव अडकलाय वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत. तेव्हा आज वामनदादाच.

नाव ऐकलं नसेल असा माणूस वस्तीत सापडायचा नाही, आणि नाव ठाऊक नाही असे संगीतप्रेमी शहरात पुष्कळ सापडतील. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. तरुणपणी मुंबईत आले, मिळेल ते काम केलं. अक्षरओळख नव्हती. कुणीतरी गावाकडून आलेलं पत्र वाचून दाखव म्हणालं आणि वाचता येईना, त्याची लाज वाटून ते मोठेपणी बाराखडी शिकले. जोडाक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून पक्की केली, असं सांगतात. १९४३ साली पहिलं गाणं केलं, तेही एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन. २००४ च्या मे महिन्यात गेले, तोवर हजारो गाणी झाली होती. त्यातली किती वह्यांत राहिली, किती गायकांच्या तोंडी गेली आणि किती हवेत विरली, याचा हिशेब कोण लावणार?

विडंबन म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. "चाल सिनेमाची, त्यात काय मोठं?" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी मला राग येतो. जरा विचार करा. गिरणीची पाळी संपवून आलेली माणसं समोर बसलीत. मध्ये एक पेटी, एक ढोलकी, मागे चार झीलकरी. तालमीला वेळ नाही, बिदागी बेताची. अशा वेळी लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल घेतली की झीलकरी पहिल्या फेरीतच धरतात, आणि दुसऱ्या फेरीत सगळी बैठक. सावडीला बैल आणून आपलं शेत नांगरावं, तसा हा प्रकार. बैल दुसऱ्याचे असतील, पीक आपलं असतं.

आणि ही काही वामनदादांनी काढलेली युक्ती नव्हे. सत्यशोधक जलशांपासून चालत आलेली रीत आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशानं ती आंबेडकरी चळवळीत आणून रुजवली. (आडनाव एकच असलं तरी ही माणसं दोन, घोटाळा करू नका.) या जलशांत गण होता, बतावणी होती, पण गणातला देव बदलला होता. वामनदादा त्या अंगणात वाढले.

मग हळूहळू त्यांचं गाणं बदलत गेलं, आणि ते बदलणं ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीच्या रचनांत टाळ्या घेण्याची घाई दिसते. यमक कडक, विनोद ठसठशीत, समोरच्या गायन पार्टीला चिमटा काढायचा. पण १९५६ साल आलं. ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा, आणि डिसेंबरच्या ६ तारखेला बाबासाहेब गेले. आठ आठवड्यांच्या आत एवढा आनंद आणि एवढं दुःख. त्यानंतरच्या वामनदादांच्या गाण्यात श्वास लांबतो. ओळ थांबून बोलते. कृतज्ञतेची गाणी येतात, आणि पुढे रिपब्लिकन पक्षाची शकलं व्हायला लागल्यावर जाब विचारणारी गाणी येतात. तो जाब सरकारला कमी आणि आपल्याच माणसांना जास्त. इथं त्यांच्या हाती गझलेचा साचा लागला, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत पक्कं काम या साच्यात आहे.

आता माझं लाडकं गाणं. बाबासाहेबांच्या मताची मोजून पाच माणसं जरी असती तर काय झालं असतं, अशी कल्पना करणारं. तुम्ही ते १४ एप्रिलला कुठल्यातरी मांडवावरून नक्की ऐकलं असेल. ऐकलं म्हणजे कानावर पडलं असेल. आता त्याची बांधणी बघा. प्रत्येक जोडओळीच्या शेवटी 'असते' हा शब्द परततो, त्याच्याआधी लोक, टोक, चोख अशी यमकं. पंडित म्हणतील, लोकच्या जोडीला चोख कसं चालेल, एकात क आहे, दुसऱ्यात ख. पोथीत चूक असेल. पण लाउडस्पीकरवरून, ढोलकीच्या थापेबरोबर, शंभर माणसांच्या गळ्यातून ते म्हणून बघा. क आणि ख एकमेकांत मिसळून जातात. वामनदादांनी यमक कानानं जुळवलं आहे, आणि कानाला ते पटतं.

याहून मोठी गंमत वृत्तात आहे. गागालगा लगागा, गागालगा लगागा, असं त्याचं वजन आहे. वृत्तांच्या पुस्तकात याला आनंदकंद म्हणतात. आणि हे वजन तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे, कारण इक्बालांचं 'सारे जहाँ से अच्छा' याच वजनावर चालतं. शाळेच्या पटांगणात म्हणायचो ती चाल मनात धरा आणि वामनदादांचे शब्द तिच्यात घाला. एक मात्रा इकडची तिकडे करावी लागत नाही. पाट्या वाचून जोडाक्षरं शिकलेल्या माणसानं हे वृत्त पुस्तकातून उचललं असेल असं मला वाटत नाही. कव्वाल्या ऐकून, सिनेमाची गाणी घोळवून, मुंबईतल्या उर्दू बोलणाऱ्या शेजाराला कान देऊन ते अंगात मुरलं असावं. उसन्या चालींवर इतकी वर्षं शब्द बसवले, त्या कसरतीचं हे फळ. ज्यांना विडंबन हलकं वाटतं, त्यांनी इथं जरा थांबावं.

त्या 'असते'ची एक करामत आहे. गाणारा ते ठासून म्हणतो, झीलकरी जोरात उचलतात, वातावरण जोशाचं होतं. आणि प्रत्येक वेळी सांगितलं जातं ते इतकंच की हे नाही. पाच माणसंही नाहीत. चांगला गायक इथं आवाज किंचित खाली घेतो. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते या मंडळींनी भीमगीत गावोगाव नेलं, त्यांच्या आवाजात जोश आणि आर्जव दोन्ही मावायचं. आताच्या मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या साउंडमध्ये आर्जव मावत नाही. पहिली ओळ तोडून, तिच्याखाली धडधड लावून, ती दहा वेळा फिरवतात. पोरं नाचतात, नाचू देत, वर्षातून एक दिवस आहे. पण जाब विचारणाऱ्या गाण्यावर नाचताना आपल्यालाच प्रश्न विचारला जातोय हे एखाद्याला तरी कळावं, एवढीच माझी म्हाताऱ्याची कुरकुर.

दुसरी कुरकुर थेट आपल्या या माध्यमाबद्दल आहे. रेडिओवर वेळ मोजलेला. तीन-साडेतीन मिनिटं झाली की गाण्याचा आवाज हळूहळू खाली नेतात आणि पुढची उद्घोषणा सुरू. जातं काय? शेवटचं कडवं. आणि वामनदादांच्या गाण्यात शेवटचं कडवं म्हणजे सहीची जागा. त्यांच्या कितीतरी गाण्यांत तिथं 'वामन' हे नाव येतं. तुकोबांच्या अभंगातही अखेरीस नाव येतं, होनाजी बाळाच्या लावणीतही येतं, आणि गझलेत मक्त्याच्या शेरात शायर स्वतःला हाक मारतो. वामनदादांकडे या वाटा एकत्र आल्या. वामन या नावाच्या मात्रा चार. केरव्याच्या आठ मात्रांत ते बरोबर अर्ध्यात बसतं. कुठल्याही चालीत ते नाव खडा लागल्यासारखं अडत नाही.

चाल दुसऱ्याची, गळा दुसऱ्याचा, वही हरवलेली. अशा गाण्यात कवीचा पत्ता लिहिलेला असतो तो या एका कडव्यात. तेच कापलं की उद्घोषक बिनदिक्कत सांगतो, 'गीत पारंपरिक'. ज्याचं गाणं, तो माणूस १९९० च्या दशकात एसटीनं गावोगाव फिरत होता, कार्यक्रम करत होता, आणि तोच पारंपरिक!

आमच्याकडे जयंतीच्या रात्री मिरवणूक उतरली की गायन पार्टीचा कार्यक्रम रंगायचा. पोरं सतरंजीच्या कडेला झोपलेली, बाया पदर सावरून पुढे सरकलेल्या. एकदा एका तरुण गायकानं उशीर झाला म्हणून शेवटचं कडवं गाळलं आणि पेटीवर तिहाई मारून मोकळा झाला. टाळ्या पडल्या. त्या विरतात न विरतात तोच मागून एक आजी खड्या आवाजात म्हणाल्या, "अय बाबा, वामनदादाला कुटं उतरवलंस रं मदीच?" सगळे हसले. गायक ओशाळला, त्यानं पुन्हा सूर धरला आणि ते कडवं म्हटलं. आजींना वाचता येत नव्हतं. गाणं कुणाचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, गाण्यानंच सांगितलं होतं. इतकं कान देऊन ऐकणारी माणसं मी नंतर मोठमोठ्या सभागृहांतही फार पाहिली नाहीत.

तेव्हा आता एक गंमत करू. या भाषणानंतर तेच गाणं वाजणार आहे. पहिल्या कडव्यात गायकाकडे लक्ष देऊ नका, झीलकऱ्यांकडे द्या. ते ओळ कुठून उचलतात, 'असते'वर किती रेंगाळतात, ते ऐका. दुसऱ्या कडव्यात ढोलकी ऐका. यमकाच्या शब्दावर ती मोकळी होते की दाबून ठेवते? मग सगळं सोडून फक्त शब्द ऐका. आणि हातातलं काम असेल तर शेवटच्या कडव्यापुरतं बाजूला ठेवा. मी निर्मात्यांना बजावून ठेवलंय, घड्याळ पुढं गेलं तर माझ्या बोलण्यातलं हवं तेवढं कापा, गाण्याच्या बटणाला हात लावू नका. ते हो म्हणालेत.