आधी ‘कशी आहेस?’ विचारा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. मी डॉक्टर नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची आई म्हणून बोलते.

हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं. कारल्याच्या रसाने ते सुटत नाही. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन घेणारा लिओनार्ड थॉम्प्सनही १४ वर्षांचाच होता.

वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. सगळं पाळूनही साखर वाढते. अशा वेळी “काय खाल्लंस?” ही मुलांना पोलिसी चौकशी वाटते. मग ती आकडे लपवतात, इंजेक्शन टाळतात. आईबाप रात्री तीनला उठून साखर तपासतात आणि सकाळी हसतमुखाने ऑफिसला जातात. थकवा दोघांनाही येतो, बोलत कुणीच नाही.

आम्ही समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी साध्याच गोष्टी सांगितल्या. आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. साखर ‘चांगली-वाईट’ नसते, ‘कमी-जास्त’ असते. जेवणाच्या ताटावर मधुमेहाचा विषय नको. त्यासाठी आठवड्यातली एक वेळ ठरवा. मुलगी मोठी झाली म्हणून सगळा भार एकदम तिच्यावर टाकू नका, हळूहळू सोपवा. आणि धाकट्या भावालाही आई हवी असते!

आता तुमच्याकडे मागणं. गणपतीत तिला मोदक देताना “तुला चालत नाही ना गं?” असं चारचौघांत म्हणू नका. डोस किती घ्यायचा हे तिला कळतं. “लग्नाचं कसं होणार?” हेही नको. घाम, थरथर दिसली, साखर ७० च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखाना गाठा.

आमच्या शेजारच्या काकू ग्लुकोमीटर वापरायला शिकल्या. चार वर्षांनी आम्ही दोघं नाटकाला गेलो. मध्यंतरात फोन केला, तर लेक म्हणाली, “आई, पत्ते रंगलेत, नंतर बोलू.”

असे शेजारी प्रत्येक मजल्यावर असोत.