फूटभर लाकूडही पुरतं

आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी पोळपाट, देवाचे पाट, कालथे करतो. मागे एकदा शिमग्याच्या आधी वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून खुशीत होतो. पंचवीस पोळपाट झाले, विकलेही गेले. वैशाखाचं ऊन तापलं आणि त्यातल्या नऊ पोळपाटांना चिरा गेल्या. गिऱ्हाइकांचे पैसे गटाच्या बचतीतून परत केले. फळ्या ओल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यातून जे शिकलो, ते आज सांगते.

पहिली गोष्ट, लांब लाकूड मागू नका. दाराच्या चौकटीला सात फूट सरळ, बिनगाठीचं लाकूड लागतं, म्हणून त्याचा भाव चढा. दहा इंची पोळपाटाला फूटभर तुकडा पुरतो. असे तुकडे वखारीत आणि सुतारांच्या कामावर उरतात आणि बरेचदा चुलीत जातात. गावातल्या सुतारकाकांना आधीच सांगून ठेवा. हिशेबही पाठ करा. एक घनफूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड अशा १२ फळ्या. करवत आणि रंधा यांत जातं ते धरून ९-१० च हाती येतात. त्यावरून एका पोळपाटाचं लाकूड केवढ्याला पडलं ते काढा.

दुसरी गोष्ट, सागाचाच हट्ट नको. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो. दक्षिणेतल्या मृदंगाचं खोडही फणसाचंच. शिवण हलकी, कमी वाकणारी. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते, म्हणून चिरल्याबरोबर सुकत घालायचा. वस्तू बघून लाकूड निवडा. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याची करत, कारण ते मऊ, हलकं. पोळपाटाला मात्र ते चालणार नाही.

तिसरी गोष्ट, जुनी घरं. कौलारू घर उतरवलं की वासे, खांब, तुळया निघतात. ऐन, किंजळ, फणस, कधी साग. वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड! मालकाशी बोलून ठेवा. करवत लावण्याआधी खिळे काढा. डांबर किंवा जुना रंग लागलेलं लाकूड खाण्याच्या वस्तूंना घेऊ नका, त्याची खुंटाळी करा.

आता सुकवणं. फळ्यांच्या दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावा, कारण ओल तिथून भराभर जाते आणि चीर पडते. पडवीत, जमिनीपासून वर, मध्ये सारख्या पट्ट्या घालून फळ्या रचा. वारा लागू दे, ऊन नको. एका फळीवर खूण करून दर आठवड्याला तिचं वजन करा, आकडा वहीत लिहा. वजन उतरायचं थांबलं की फळी तयार. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा वजन करून मगच काम धरा. आम्ही आता इंचभर जाड फळीला वर्षभर थांबतो.

शेवटचं, आणि महत्त्वाचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगडाकडे आंबे-फणस आडवे झाले, ते आठवतं ना? पडलेलं झाड बघून हात शिवशिवतात. पण आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात. झाड आपल्या परसातलं असलं, तरी तोडायला परवानगी लागते. पडलेलं झाड चिरायला नेण्याआधीसुद्धा वनरक्षकांना विचारा. विकत घेताना पावती मागा. गटाच्या नावावर दंड नको.

तर बायांनो, या आठवड्यात एकच काम करा. गटातल्या दोघींनी सुतारकाकांकडे जाऊन उरलेले तुकडे बघून या. जळणात जाणाऱ्या त्या ढिगात तुमचे पुढच्या वर्षीचे पोळपाट असतील.

येते मी. नमस्कार.