मयताची साक्ष

आमचं पनवेल वाटांवरचं गाव. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो, गोव्याचा महामार्ग इथूनच निघतो, शिवाय रेल्वेचं जंक्शन. जितक्या वाटा, तितके वाटेवरचे मृत्यू.

आकस्मिक मृत्यू झाला, की पोलीस पंचनामा करतात आणि गरज वाटली की मयत शवविच्छेदनाला पाठवतात. कायदा म्हणतो, हे काम सिव्हिल सर्जनने किंवा सरकारने नेमलेल्या पात्र डॉक्टरने करावं. 2024 मध्ये नवी संहिता आली, तरी तरतूद तीच. पात्र म्हणजे न्यायवैद्यकाचा तज्ज्ञच, असं मात्र त्यात नाही. तज्ज्ञ बहुधा वैद्यकीय महाविद्यालयांत. तालुक्याला सकाळी ओपीडीत ताप-खोकला तपासणारा मेडिकल ऑफिसरच दुपारी शवागारात जातो.

बाहेर नातेवाईक ताटकळतात. आमच्यात दफनाला उशीर नको. शेजारच्या हिंदू घरात मयत उचलेपर्यंत चूल पेटत नाही. ‘डॉक्टरसाहेब, लवकर उरका’ हे मागणं दोघांचंही. पण त्याच अहवालावर पुढे विधवेची नुकसानभरपाई ठरते, कुणाचा तुरुंग ठरतो. 2021 मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतरच्या विच्छेदनाला परवानगी दिली, तीही पुरेशा सोयी असतील तिथेच. खून, आत्महत्या, घातपाताचा संशय अशी प्रकरणं एरवी वगळलेलीच.

सिझेरियनसाठी बाहेरचा भूलतज्ज्ञ दर केसमागे मानधन देऊन बोलावण्याची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. तसाच न्यायवैद्यकाचा तज्ज्ञ आरोग्य खात्याने आणि महापालिकेने मिळून का बोलावू नये? मयताला बोलता येत नाही. त्याची साक्ष वाचणारा तरी जाणकार हवा. जन्माला जी सोय, ती मरणालाही मिळावी, एवढंच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)