आधी कान, मग अक्षर



आईबरोबर बांधावरून गवताचा भारा घेऊन येणारा एक मुलगा पहिलीच्या वर्गात बसला आहे, असे समजा. गुरुजी फळ्यावर तीन अक्षरे लिहितात. मुलगा हात वर करून म्हणतो, "ग गणपतीचा, व वडाचा, त तबल्याचा." "शाब्बास! मग शब्द कोणता झाला?" मुलगा गप्प. रोज हाताळलेले गवत त्याला फळ्यावर ओळखता येत नाही. गुरुजी वैतागतात. घरी बाप म्हणतो, "याच्या डोक्यात काही शिरत नाही." असे चारदा ऐकले की मुलालाही ते खरे वाटू लागते, आणि मग शाळा सुटायला वेळ लागत नाही.

त्या मुलाच्या डोक्यात काही बिघाड नसतो, एवढेच आज मला सांगायचे आहे. अक्षर त्याच्या डोळ्यांना भेटले आहे, कानाला अजून भेटलेले नाही.

असे पाहा. आपण 'गवत' लिहितो, पण बोलतो 'गवत्'. शेवटच्या अक्षरातला 'अ' बोलताना गळून पडतो. मुलाला या शब्दावर टाळ्या वाजवायला सांगा. ते 'ग' आणि 'वत्' अशा दोनच टाळ्या वाजवील, आणि त्याचे बरोबरच आहे. फळ्यावर मात्र अक्षरे तीन. 'गऽ, वऽ, तऽ' असा हेल काढला की जो आवाज होतो, तो त्याने जन्मात कधी ऐकलेला नसतो. त्यातच गणपती, वड आणि तबला मध्ये येऊन बसतात. मग गवत सापडावे कसे? गुरुजींनी 'ग, वत्, गवत्' असे जोडून, भरभर म्हणून दाखवले की मुलाचा चेहरा उजळतो. "गवत होय!"

बोलताना शब्द पाण्याच्या धारेसारखा सलग येतो. त्याचे तुकडे करण्याची गरज बोलणाऱ्याला पडत नाही, वाचणाऱ्याला पडते. अमेरिकेत १९७४ साली इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना शब्द ऐकवून, त्याचे जितके तुकडे तितके ठोके मेजावर मारायला सांगितले. मोठे, टाळीएवढे तुकडे पाचेक वर्षांच्या जवळजवळ निम्म्या मुलांना साधले. पण त्याहून बारीक, एकेक सुटा ध्वनी मोजणे त्या वयात एकालाही जमले नाही. पहिलीचे वर्ष शिकलेल्या मुलांत मात्र शंभरातल्या सत्तरांना ते जमले. आता कोणी म्हणेल, हा वयाचा गुण. तसे नाही. पोर्तुगालमध्ये १९७९ साली निरक्षर प्रौढांना शब्दातला पहिला ध्वनी गाळून उरलेले बोला म्हटले, तर बहुतेकांना ते येईना. त्यांच्यासारख्याच, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांना ते येत होते. म्हणजे ही समज वयाबरोबर आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते.

आपल्या लिपीत हा बारीक ध्वनी बाराखडीत भेटतो. 'का, की, कू' यांत 'क्' तोच राहतो आणि पुढचा स्वर बदलतो. नुसती बाराखडी घोकून हे कळत नाही. काय बदलले आणि काय राहिले, हे मुलाला विचारावे लागते. त्यात पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि तिचा आवाज मात्र अक्षराच्या मागून! तिथे मूल अडखळले तर नवल नाही.

शिक्षकमित्रहो, आणखी एक गोष्ट. वऱ्हाडात आणि खानदेशात कित्येक घरांत 'डोळा' या शब्दाला 'डोया' म्हणतात. तिथले मूल वहीत 'डोया' लिहिते, तेव्हा त्याने आपल्या कानाशी इमान राखलेले असते. त्यावर लगेच लाल रेघ ओढू नका. "घरी आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात, ऐक बरे दोन्ही," असे म्हणा. पुस्तकातली भाषा तरी कुठे सरळ आहे? 'चार' या आकड्यातला 'च' आणि गुरांच्या 'चारा' मधला 'च' एकाच तऱ्हेने लिहितो, पण बोलतो निराळे. 'आमचा' आणि 'आमची' म्हणून पाहा. हा फरक मुलाला कोणी शिकवला नाही, तरी ते तो अचूक करते. एवढा तयार कान घेऊन ते शाळेत येते. त्या कानाचा उपयोग आपण करून घ्यायचा.

तो कसा? शब्दांवर टाळ्या वाजवा. 'मगर' मधला 'म' काढला तर काय उरते, विचारा. 'माळ' सारखे शब्द मुलांकडून काढून घ्या: काळ, बाळ, जाळ, नाळ. तोंडासमोर तळहात धरून 'क' आणि 'ख' म्हणायला सांगा. 'ख' म्हणताना हाताला वाफ लागेल. आपली वर्णमाला दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी अशीच तोंडात डोकावून लावलेली आहे. 'क' चा वर्ग कंठाकडचा, आणि तिथून पुढे सरकत सरकत 'प' चा वर्ग ओठांवर येतो. मुलांना तो प्रवास स्वतःच्या तोंडात करू द्या.

आणि मायबहिणींनो, "आम्हांला कुठे अक्षर येते?" असे म्हणू नका. उखाण्यात नावाला यमक जुळवता, ते कानानेच ना? भाकरी थापताना पोराशी हाच खेळ खेळा. त्याला पाटी लागत नाही की पुस्तक लागत नाही. उद्या फळ्यावरचे गवत त्याला ओळखता आले, तर त्यात तुमचाही वाटा असेल.