वादळाआधी बोटीच्या खिडक्या पाहा
(भाषणाचा मजकूर)



शेतीच्या कार्यक्रमात बोटीचं काय काम, असं घाटावरची मंडळी विचारतील. पण रायगड-रत्नागिरीकडे एकाच घरात भाताचं खाचर असतं आणि बंदरात बोटही असते. आजचं बोलणं त्या घरांसाठी.

आपल्या किनाऱ्याला वादळाचे दिवस वर्षातून दोनदा येतात. पावसाच्या तोंडावर मे-जूनमध्ये, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. २०२० चं निसर्ग ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. २०२१ चं तौक्ते मे महिन्याच्या मध्यावर आलं, आणि २००९ चं फयान ११ नोव्हेंबरला. म्हणजे बोट शाकारलेली असतेच असं नाही.

दोर आणि नांगर सगळेच तपासतात. केबिनच्या काचेकडे मात्र लक्ष जात नाही. काच फुटली की वारा आत शिरतो आणि छपराला खालून उचलू लागतो. छप्पर टिकलं तरी पाऊस आत येतोच. बॅटरी भिजली की पाणी उपसायचा पंप बंद, आणि बोट नांगरावर जागच्या जागी बुडते.

काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काही साधत नाही. त्यानं काच फुटायची थांबत नाही. एखादी खिडकी उघडी ठेवली तर दाब कमी होतो, असंही काही जण सांगतात. ते ऐकू नका. बाहेरून फळीच बसवली पाहिजे. अर्धा इंच जाडीचं, पाण्यात टिकणारं प्लायवूड घ्या. चौकटीच्या चारी बाजूंनी चार-चार बोटं बाहेर येईल असं कापा. खिळे मारू नका, झटक्यासरशी ते उपटून येतात. आरपार बोल्ट आणि आतून मोठा वायसर लावा. भोकं आधीच पाडून ठेवा आणि त्यांत सीलंट भरा, नाहीतर तिथूनच पाणी मुरून लाकूड कुजेल. प्रत्येक फळीवर आणि तिच्या खिडकीवर रंगानं एकच नंबर घाला. ऐन घाईत कोणती फळी कुठली, हे शोधत बसायला सवड नसते.

काचेभोवतालचं रबरही पाहा. बाहेरून बादलीभर पाणी जोरात मारा आणि आत हात फिरवा. ओल लागली तर रबर बदला.

बोट किनाऱ्यावर ओढलेली असेल तर तिच्यावरचं सैल प्लॅस्टिक आधी काढा. ते शिडासारखं फुगतं आणि फाटता फाटता काचही फोडतं.

हे सगळं बंदरात बावटा लागण्याआधी तयार हवं. फळ्या लावल्यावर केबिनमधून बाहेरचं दिसत नाही, म्हणून बोट पक्की बांधून झाल्यावरच त्या लावा. आणि मग बोटीवर राखणीला कुणीही थांबायचं नाही, अगदी तरबेज खलाशीसुद्धा नाही.

वादळ सरलं की पहिल्या उन्हाला फळ्या उतरवा, केबिन वाळू द्या, बोल्ट गोड्या पाण्यानं धुऊन ग्रीस लावा आणि नंबरवार एकत्र बांधून माळ्यावर ठेवा.