पास दिसावा, पण लाल डोळा झाकू नये



आज मी एका अशा वस्तूबद्दल बोलणार आहे, जी तळहातावर मावते आणि जिच्याकडे आपण कधी बघतही नाही. मोटारसायकलच्या मागे, नंबर प्लेटच्या खाली किंवा टेललाइटजवळ, लाल रंगाचा एक चौकोनी किंवा गोल तुकडा असतो. त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. त्यात बल्ब नसतो, त्याला वायर नसते. म्हणून पुष्कळांना वाटतं, ही शोभेची वस्तू आहे.

आमच्या घरीही तसंच वाटत होतं. माझे दीर ठेकेदाराकडे कामाला जातात. गाडी आत न्यायची आणि स्टँडवर लावायची तर पास लागतो. पास मागून दिसला पाहिजे, असं त्यांना गेटवर सांगितलं. खिशातून काढून दाखवलेला चालत नव्हता. एका रविवारी भाऊजी पाना घेऊन बसले. रिफ्लेक्टरचा नट खोलला, रिफ्लेक्टर काढून डब्यात टाकला आणि त्याच भोकात बोल्ट घालून पासाची पाटी बसवली.

"पाहा वहिनी, कसा मस्त दिसते! आता कोणी अडवत नाही."

मीही म्हटलं, छान झालं. खरंच छान दिसत होतं.

मग डिसेंबरातली एक संध्याकाळ. त्या दिवसांत साडेपाच-पावणेसहालाच दिवस मावळतो. चंद्रपूरला नातेवाईक आजारी होते, त्यांना पाहून मी भाऊजींच्या मागे बसून परत येत होते. दुर्गापूर, ऊर्जानगर, पद्मापूर करत मोहर्लीकडे जाणारा आपला रस्ता तुम्हाला माहीत आहेच. एका अंधाऱ्या ठिकाणी गाडी आचके देत बंद पडली. फ्यूज उडाला होता. पुढचा दिवा गेला, मागचाही गेला. भाऊजी मोबाइलच्या उजेडात सीटखाली बघू लागले, मी बाजूला उभी.

मागून ट्रक आला. तो अगदी जवळ येईपर्यंत त्याला आम्ही दिसलोच नाही. दिसलो तेव्हा त्याने करकचून ब्रेक मारला आणि स्टिअरिंग वळवलं. चाकं आमच्यापासून दोन हातांवरून गेली. ड्रायव्हर पुढे जाऊन थांबला, उतरून आला. तो रागावला नाही, त्याचेच हात थरथरत होते. एवढंच म्हणाला की गाडीला मागून काहीच चमकलं नाही.

जे चमकायचं ते आमच्या घरी डब्यात पडलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. नंतर मी या रिफ्लेक्टरबद्दल विचारपूस केली, समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

लहान मूल खोलीच्या कोपऱ्यात चेंडू फेकतं, ते आठवा. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळते, तिथे चेंडू आदळला की तो तिन्हीकडे टप्पे खाऊन फेकणाऱ्याकडेच परत येतो. रिफ्लेक्टरच्या आतल्या बाजूला असे शेकडो बारीक कोपरे असतात. मागच्या गाडीचा उजेड त्यात शिरतो, तीनदा उलटतो आणि जिथून आला तिकडेच परत जातो, म्हणजे थेट त्या ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे. म्हणून आपला बल्ब गेला, बॅटरी उतरली, फ्यूज उडाला, तरी रिफ्लेक्टर आपलं काम करतच राहतो. त्याला फक्त दुसऱ्याचा उजेड लागतो.

जंगलाच्या रस्त्याने जाताना हेडलाइटच्या झोतात चितळाचे डोळे कसे चमकतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या डोळ्यांच्या पडद्यामागे उजेड उलटवणारा थर असतो. माणसाच्या डोळ्यात तो नाही. त्यामुळे अंधारात चितळ दुरून दिसतं, आणि गडद लुगडं नेसून रस्त्याच्या कडेला उभी असलेली बाई दिसत नाही. आपल्यासाठी तो लाल तुकडाच डोळा आहे.

आणखी एक गंमत सांगते. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, ते आपण टीव्हीवर पाहिलं. त्या विक्रमवरही याच तत्त्वाचा एक छोटा रिफ्लेक्टर बसवलेला आहे. त्याच वर्षी डिसेंबरात चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्यावर लेझरचा किरण टाकला आणि तो परत आला. तोवर विक्रम कधीचा बंद पडला होता. पण रिफ्लेक्टरला बॅटरी कुठे लागते? चंद्रावर जे काम तो करतो, तेच काम आपल्या मडगार्डवर करतो.

आता थोडा हिशोब करू. बचत गटात आपण हिशोबाला पक्क्या आहोत. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. ड्रायव्हरने काही पाहिलं, त्याच्या डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक-दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी 25 मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागणं त्याच्याही नंतरचं. कोळशाने भरलेल्या ट्रकला थांबायला तर आणखी जागा लागते. म्हणून त्याला आपण लवकर दिसायला हवं. चांगला रिफ्लेक्टर शंभर मीटरवरूनही चमकतो. काळ्या मडगार्डवरची काळी पाटी जवळ आल्याशिवाय दिसत नाही.

आपल्या भागात हे जास्तच महत्त्वाचं आहे. दुर्गापूर, पद्मापूर, भटाळीच्या खाणींमुळे या बाजूला जड गाड्यांची वर्दळ असते. आणि दुसरं कारण तुम्हाला सांगायला नको. दुसरीकडे गाडी बंद पडली तर लोक ती रस्त्याखाली उतरवतात आणि झाडाखाली उभे राहतात. आपण तसं करत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात कामावरून घरी निघालेल्या कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात जीव गेला, ते कोण विसरेल? झुडपाच्या भीतीने आपण डांबरावरच, गाडीला चिकटून उभ्या राहतो. म्हणजे जंगलाकडची भीती आपल्याला ट्रकच्या वाटेत आणून उभी करते. अशा वेळी मागचा लाल डोळा उघडा असलाच पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे आहेत. त्यात प्रत्येक मोटारसायकलच्या मागे निदान एक लाल रिफ्लेक्टर असावा, असं लिहिलं आहे. त्याच नियमांत आपल्या कामाची दुसरीही गोष्ट आहे. मागे बसणाऱ्याला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारी जाळी, म्हणजे आपलं साडी गार्ड, हेही असलंच पाहिजे. तेव्हा "जड होते, खडखड वाजते" म्हणून कोणी साडी गार्ड काढत असेल, तर त्यालाही थांबवा.

मग पास लावायचा कुठे? पास लागतोच, तो नसला तर रोजी बुडते. पासही दिसेल आणि रिफ्लेक्टरही राहील, अशी सोय अगदी सोपी आहे.

आधी गेटवर विचारून घ्या, पास नेमका कुठून दिसायला हवा. डाव्या बाजूने दिसला तरी चालत असेल, तर साडी गार्ड ही सगळ्यात चांगली जागा. पास लॅमिनेशन करून एका जाड प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटवा, चार कोपऱ्यांना भोकं पाडा आणि जाळीला प्लास्टिकच्या टायने आवळून बांधा. टायची उरलेली शेपटी कापून टाका, लोंबती ठेवू नका.

मागूनच दिसायला हवा असेल, तर ॲल्युमिनियमची एक पट्टी घ्या. नंबर प्लेट बनवणाऱ्याकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात तिचा तुकडा मिळतो. ती काटकोनात वाकवायची. मडगार्डवर किंवा सीटमागच्या हँडलवर जो रिकामा बोल्ट असेल, तिथे ती वायसर घालून घट्ट बसवायची आणि पासाची पाटी तिच्यावर लावायची. रिफ्लेक्टरच्याच बोल्टवर पट्टी बसवायची वेळ आली, तर रिफ्लेक्टर जागेवर ठेवून पट्टी त्याच्या मागून घ्या आणि पास बाजूला निघेल असं करा. पास रिफ्लेक्टरवर, टेललाइटवर, इंडिकेटरवर किंवा नंबर प्लेटवर एक बोटभरही येता कामा नये.

चार गोष्टी करायच्या नाहीत. रिफ्लेक्टरवर पास चिकटवायचा नाही. रिफ्लेक्टरला भोक पाडायचं नाही. आतल्या त्या बारीक कोपऱ्यांमागे कोरडी हवा असली तरच उजेड उलटतो. भोकातून पाणी शिरलं किंवा मागे डिंक लागला की उजेड तिथूनच गळून जातो. बाहेरून तुकडा लालच दिसतो, पण चमकत नाही. तिसरं, नवीन नंबर प्लेटचे खिळे उपटायचे नाहीत. ते एकदाच बसतात. आणि चौथं, पत्र्याच्या डब्याचा कापलेला तुकडा पाटी म्हणून वापरायचा नाही. त्याच्या धारेने लुगडं फाटतं, पिंढरी कापते. ॲल्युमिनियमच्या कडाही कानशीने घासून गोल करून घ्या.

पाटी बसवून झाली की दोघं जण गाडीवर बसून वरखाली दाबून बघा. मडगार्ड चाकाकडे येतो तेव्हा पाटी कुठे घासत नाही ना, ते तेव्हाच कळतं. आठवड्याने नट पुन्हा आवळा.

मग अंधार पडल्यावर टॉर्चची परीक्षा घ्या. गाडी अंगणात बंद करून ठेवा आणि तीस-चाळीस पावलं मागे जा. टॉर्च कपाळाजवळ, डोळ्यांच्या शेजारी धरा. हे महत्त्वाचं आहे, कारण उजेड जिथून गेला तिथेच परत येतो. टॉर्च दुसऱ्या कोणी लांब उभं राहून धरली, तर तुम्हाला काही दिसणार नाही. लाल निखाऱ्यासारखा ठिपका पेटला तर पास. मंद वाटला तर आधी ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडे कोळशाची धूळ आणि राख दोन दिवसांत त्यावर बसते. पुसूनही पेटला नाही, तर बदला. नवा रिफ्लेक्टर स्वस्तात मिळतो आणि पाना असला तर घरीच बसतो. घेताना लालच घ्या, मागे पांढरा लावू नका. पांढरं चमकलं की येणाऱ्याला वाटतं, समोरून गाडी येते आहे.

माझी एक विनंती आहे. पुढची गटाची बैठक संध्याकाळी ठेवा. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की सगळ्यांनी एक टॉर्च घेऊन गल्लीतून एक चक्कर मारा. मोटारसायकली बघा, मुलींच्या शाळेच्या सायकली बघा, बंडी आणि ट्रॅक्टरची ट्रॉलीही बघा. बंडीला तर दिवाच नसतो. तिच्या मागच्या फळीवर चमकणारी लाल पट्टी चिकटवली, तर तेवढाच तिचा दिवा. कोणाच्या गाडीचं काही चमकलं नाही, तर वहीत नाव लिहा आणि पुढच्या बैठकीत विचारा, काय झालं.

घरचे पुरुष म्हणतील, "तुले काय समजते गाडीतलं?" त्यांच्याशी भांडू नका. टॉर्च त्यांच्या हातात द्या आणि चाळीस पावलं मागे उभं करा. भाऊजींनाही मी तसंच उभं केलं होतं. एकदा त्यांच्या गाडीवर टॉर्च मारायला लावली, एकदा शेजारच्या गाडीवर. ते काही बोलले नाहीत. घरात गेले, डब्यातून रिफ्लेक्टर काढला, पदरासारखा शर्टाच्या टोकाने पुसला आणि पाना शोधू लागले.

आता त्यांचा पास साडी गार्डवर आहे. गेटवर दिसतो. आणि रात्री ते घरी परततात, तेव्हा मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिसतात.

आज अंधार पडला की टॉर्च घेऊन अंगणात जा.